मंगळवारचा रोजा

पोलीस ठाणे, दुबई. गुरुवार, तारीख ३० ऑक्टोबर १९६९, सकाळी साडेदहा.

माझे नाव मैमुनाबी, नवऱ्याचे नाव मोहिद्दीन परकार. वय एकोणपन्नास. काम घरचे, शिवाय लोकांचे कपडे शिवते. मूळ गाव दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. हल्ली राहणार बर दुबई, खाडीजवळची कापडवाल्यांची गल्ली.

मी आपणहून ठाण्यात आले आहे. मला कोणी पाठवले नाही, उलट बायकांनी चौकीची पायरी चढू नये असे सांगून घरच्यांनी अडवले होते. साहेब विचारतात ते दुभाषी हमदुल्ला मला मराठीत सांगतात आणि माझे उत्तर तेच लिहून घेत आहेत. साहेबांसमोर बसून मी सांगते ते असे.

तय्यब सारंग हा माझी मयत बहीण मरियमबी हिचा मुलगा. वय चोवीस. सहा वर्षांपासून तो माझ्या घरी राहतो. आधी दोन वर्षे तो बर्फाच्या कारखान्यातून सायकलवर बर्फ पोचवायचा. उन्हात बर्फ वितळायच्या आत पोचला नाही तर दुकानदार घेत नाही, त्यामुळे सायकल जोरात हाणायला तो तिथेच शिकला. ते बघून एका कंपनीने त्याला आपल्या सायकल शर्यतीच्या टीममध्ये पगारावर घेतले. टीमचा मॅनेजर मुश्ताक. टीममध्ये तय्यब, वली आणि कराचीचा एक सायकलस्वार असे तिघे होते. कराचीवाला या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीच पडून हात मोडून घेऊन बसला.

शर्यत चार दिवसांची होती. शनिवारी दुबईहून उम्म अल कुवेन. रविवारी तिथून रास अल खैमा. सोमवारी रास अल खैमाहून परत दुबई. मंगळवारी शेवटचा टप्पा, दुबईहून उम्म अल कुवेनपर्यंत जाऊन त्याच नव्या डांबरी सडकेने परत, सुमारे शंभर किलोमीटर. चारही दिवसांचा वेळ मिळवून ज्याचा सगळ्यात कमी तो पहिला. सोमवार संपला तेव्हा बहारीनचा एक सायकलस्वार पहिला होता आणि तय्यब त्याच्या तीन मिनिटे चाळीस सेकंद मागे, दुसरा होता. हे आकडे माझ्या तोंडपाठ आहेत. आमच्या गल्लीतल्या कोणालाही विचारा, त्यांच्याही तोंडपाठ आहेत.

पहिले तीन दिवस तय्यबने आपली बाटली स्वतः भरली. शनिवारी घरच्या माठातून भरली, पुढचे दोन दिवस मुक्कामाच्या ठिकाणी भरली. सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मुश्ताक आमच्या घरी आला. उद्या कोणी आपले पाणी आणायचे नाही, कंपनी लाखेने सील केलेल्या बाटल्या देणार आहे, त्यात टॉनिक आहे, असे त्याने तय्यबला सांगितले. उद्या जिंकलेच पाहिजे, असेही तो दोनदा म्हणाला. मी चुलीपाशी होते. टॉनिक कसले ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

त्या वेळी मी चण्याच्या डाळीचा हलवा घोटत होते, कारण माझ्या हिशेबाने सोमवारची रात्र ही शब-ए-बरातीची रात्र होती. आमच्यात त्या संध्याकाळी हलवा-रोटी करून, मयत झालेल्यांच्या नावाने फातेहा देऊन शेजारीपाजारी वाटतात आणि दुसऱ्या दिवशी रोजा धरतात. मी मुश्ताकपुढे बशी ठेवली. तो हसायला लागला. म्हणाला, "चाची, शबरात काल झाली. खलास. सगळ्या दुबईने काल हलवा खाल्ला, आज रोजाही धरला."

मी त्याला तुमच्या दुबईचा चंद्र तुम्हाला लखलाभ असे सांगितले आणि बशी पुढे सरकवली. त्याने सगळा हलवा खाल्ला, वर आणखी मागून घेतला.

इथे मला खुलासा करायचा आहे. मला दुबईत चौदा वर्षे झाली. रमजान आणि दोन्ही ईद मी इथल्या मशिदीप्रमाणे करते. पण शबरात मयतांची असते आणि आमची माणसे दाभोळच्या मातीत आहेत. तेव्हा शबरात दाभोळच्या चंद्राने, असा माझा नेम. दर वर्षी माझा भाऊ चंद्र दिसल्याची तारीख पत्राने कळवतो. या वर्षी त्याने शाबान महिन्याचा चंद्र सोमवारी तेरा तारखेला दिसल्याचे लिहिले. दुबईत तो आदल्या दिवशीच, रविवारी दिसला होता. म्हणून इथला रोजा सोमवारी सत्तावीस तारखेला झाला आणि माझा मंगळवारी अठ्ठावीसला. भावाचे पत्र मी सोबत आणले आहे ते ठेवून घ्यावे, मात्र काम झाल्यावर परत द्यावे. त्यात घरच्या इतर गोष्टीही आहेत.

गल्लीतली सगळी कोकणी घरे तारखा मलाच विचारतात. त्यांतली निम्मी मला विचारतात आणि मशिदीप्रमाणे वागतात, हे मला ठाऊक आहे. सोमवारी मगरीबच्या नमाजानंतर मी अकरा घरी हलव्याच्या बशा पोचवल्या. शेजारीण हव्वाबी हिने बशी परत देताना पुढच्या शबरातीचा हलवा इतक्या लवकर कसा केला, असे मला विचारले. अकरा घरांतली प्रत्येक बाई याची साक्ष देईल, आणि आनंदाने देईल.

तय्यब हा रोजा कधी चुकवत नाही. सहा वर्षांपूर्वी त्याची आई गेली तेव्हा तो बोटीवर होता, मातीलाही पोचला नाही. तेव्हापासून तो तिच्या नावाने हा एक रोजा धरतो. त्याबद्दल कोणाला सांगत नाही. रमजान सोडता त्याने दुसरा कुठला रोजा धरलेला मी पाहिला नाही.

सोमवारी मुश्ताक गेल्यावर त्याने मला विचारले होते, "खाला, बाहेर सगळे म्हणतात रोजा आज होता. आपला उद्याच ना?" मी म्हटले, "बाहेरचे काय म्हणायचे ते म्हणोत. तुझी आई कुठे आहे? दाभोळात. मग उद्याच." तो बरं म्हणाला आणि जेवला. उद्या शर्यत आहे, राहू दे, असे मी म्हणायला हवे होते. माझे सगळे ध्यान हलव्यात आणि मुश्ताकच्या हसण्यात होते. मुश्ताक खोटा ठरावा एवढेच माझ्या मनात होते. हे लाजिरवाणे आहे, तरी लिहावे.

मंगळवारी पहाटे चार वाजता मी त्याला सहरीला उठवले. त्याने दोन भाकऱ्या, रात्रीची कोलंबी आणि तीन तांबे पाणी घेतले. सहा वाजता तो सायकल घेऊन गेला. साडेसहाला शर्यत सुटली.

पुढचे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते. शर्यत पुलावरून येऊन आमच्या बाजूला संपणार होती. मी, हव्वाबी आणि गल्लीतल्या पंधरा-वीस बायका आठ वाजल्यापासून रस्त्यालगतच्या गच्चीवर होतो. खाली दुकाने बंद करून माणसे उभी होती. खाडीपार माणसे नेणारे अब्रावाले आपल्या होड्या काठाला बांधून पुलाच्या तोंडाशी आले होते. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पुलावर एकच सायकल दिसली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही, पण बर्फवाल्यासारखा डावा खांदा पाडून चालवणारा या मुलखात एकच आहे. मी ओरडले. मी आयुष्यात रस्त्यावर ऐकू जाईल असे कधी ओरडले नव्हते. आता कळले की आवाज चांगला आहे.

तो एकटा आला. मागे रस्ता रिकामा होता. बहारीनवाला बरोबर पाच मिनिटांनी आला. चार दिवसांचा हिशेब मांडून तय्यब एक मिनिट वीस सेकंदांनी पहिला ठरला. खाली आमच्या माणसांनी त्याला सायकलीसकट उचलले. रोज तोंड फिरवून जाणारे इराणी दुकानदारही त्याला मिठ्या मारत होते. कोणी बर्फातली सरबताची बाटली त्याच्या तोंडाला लावली. त्याने मान फिरवली. दुसऱ्याने पाणी दिले ते त्याने डोक्यावर ओतून घेतले, तोंडात घेतले नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. हे मी वरून पाहिले. रोजा मीच धरायला लावला होता. त्याच्या सायकलवरची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती आणि तिची लाल लाख शाबूत होती, हेही मी पाहिले.

वली हा टीममधला दुसरा मुलगा अजमानजवळ सायकलवरून कोसळला आणि त्याला इस्पितळात नेले, हे आम्हाला दुपारी कळले. डॉक्टरांना त्याच्या बाटलीच्या तळाशी गोळ्यांचा पांढरा गाळ सापडला. मग पोलिसांनी तय्यबच्या बाटलीची लाख फोडली, तर तिच्यातही तोच गाळ. कमिटीने चषक अडकवून ठेवला. संध्याकाळी तय्यबने खजूर आणि माझ्या हलव्याचा घास खाऊन रोजा सोडला आणि बोलवायला आलेल्या शिपायाबरोबर तो ठाण्यात गेला. रोजा होता म्हणून बाटली उघडलीच नाही, असे त्याने तिथे सांगितले.

मुश्ताकचे म्हणणे मला वाचून दाखवण्यात आले. त्याच्या म्हणण्यानुसार सायकलस्वारांनी स्वतःच औषध मागितले. तय्यबने उम्म अल कुवेनच्या वळणावर तसलीच दुसरी बाटली पिऊन फेकून दिली, म्हणून पहिली भरलेली राहिली. रोजा सोमवारी झाला, मंगळवारी दुबईत कोणाचाच रोजा नव्हता, तेव्हा तय्यब खोटे बोलतो. शंभर किलोमीटर उन्हात पाण्याशिवाय कोण जाईल, असेही त्याने विचारले आहे.

त्याचे उत्तर असे. मंगळवारी दुबईत दोन माणसांचा रोजा होता. एक मी आणि दुसरा तो.

साहेबांनी मला तारीख माझी बरोबर की मशिदीची, असे विचारले. काल मी याच कारणाने मौलवींकडे गेले होते. माणूस जिथे राहतो तिथलाच चंद्र त्याचा, असे त्यांनी सांगितले. माती कुठली ते बघायचे नसते. म्हणजे मी चुकले. एक वर्ष नाही, चौदा वर्षे चुकले, आणि माझ्यामुळे तय्यब सहा वर्षे चुकला. आता गल्लीत कोणी मला तारीख विचारणार नाही. ते मी कबूल करून आले आहे.

मी एवढे सांगितल्यावर साहेबांनी मुश्ताकला आत बोलावले आणि सोमवारी संध्याकाळी या बाईकडे काय खाल्ले, एवढेच विचारले. मुश्ताक हलवा म्हणाला. कशाचा हलवा, असे विचारले. तो चण्याच्या डाळीचा म्हणाला. मग मीच बोलले. "मुश्ताक, तू मला हसलास ना? काय म्हणून हसलास ते साहेबांना सांग."

तो खाली बघून म्हणाला, "चाची रोजा उद्या धरणार होती म्हणून."

साहेबांनी ते हमदुल्लांकडून दोनदा वदवून घेतले. म्हणजे आमच्या घरचा रोजा मंगळवारी आहे, हे त्याला सोमवारीच ठाऊक होते. नंतर मुश्ताकने गोळ्या आपण टाकल्याचे आणि मुलांना टॉनिक म्हणून दिल्याचे कबूल केले. दुसऱ्या बाटलीची गोष्ट आपण बनवल्याचेही तो बोलला. त्याचा जबाब वेगळा होईल. वली आता धोक्याबाहेर आहे, काल मी त्याला पेज नेऊन दिली. तोही कोणाचा तरी मुलगा आहे.

त्यानंतर साहेबांनी माझ्यासमोर कमिटीला फोन केला. निकाल आहे तसा राहील आणि चषक आजच दिला जाईल, असे तिकडून सांगण्यात आल्याचे हमदुल्लांनी मला मराठीत सांगितले. हमदुल्ला दुभाषी आहेत, त्यांनी सांगताना रडायला नको होते. मी रडले नाही. तय्यब पाण्याचा थेंब न घेता जिंकला हे मला आधीच माहीत होते. मी विचार करत होते तो निराळाच. माझी तारीख बरोबर असती तर तय्यबने सोमवारी रोजा धरला असता, मंगळवारी ती बाटली प्याला असता, आणि वलीच्या शेजारच्या खाटेवर पडला असता.

वरील मजकूर हमदुल्लांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात माझा मान राखण्यासाठी त्यांनी 'तारखेबाबत किंचित गैरसमज झाला' असे घातले होते. ते मी खोडायला लावले आणि त्या जागी 'मी चुकले' असे लिहून घेतले. शर्यत त्या दोन शब्दांवर टिकून आहे, ते कोणी नरम करू नयेत. आता सगळे मी सांगितले तसे आहे. सही करते.

मैमुनाबी मोहिद्दीन परकार

समक्ष: हमदुल्ला, दुभाषी