पिंपळाखालची फट

धाडच्या स्टँडवर बुलढाण्याची गाडी लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोघी शेजारणी बसल्या होत्या. धाकटी हसत सांगत होती.

"काकू, काल आपल्या जुन्या पुलावर लय गंमत झाली. पुण्याचे पोट्टे-पोट्ट्या मोबाईल घेऊन फिरून राह्यले होते. कोणीतरी डबी लपवून ठेवते म्हणे, अन् यायनं नकाशा पाहून हुडकाची. खेळच हाय तो."

"बरं."

"पुलाच्या फटीफटीत हात घातले. डबी नाही सापडली, निघाली काय तं बाटली!"

"कोणत्या फटीत वं सारिका?"

"पिंपळ उगवला ना, त्याच्या खालच्या. हिरव्या चिंधीत गुंडाळलेली. कपाशीवर फवाराचं औषध होतं."

"मंग फेकली ना त्यायनं?"

"काऊन फेकतीन? जानरावकाका तिथंच बैलं धुऊन राह्यले होते. कोणाची हाय विचारलं, तं काका म्हणे, माहीच हाय. देऊन टाकली."

"माय वं!"

"काय झालं काकू?"

"मीच लपवली होती ते. बोंडअळीनं कपाशी खाल्ली तवापासून हा माणूस मुक्यावानी बसून राह्यते. घरात ठेवाची हिंमत होत नव्हती माही."

"मंग काका काही बोलले घरी?"

"बाटलीचं काहीच नाही. आज सकाळी हासले मातर. म्हणे, जा, चार दिवस माहेरी राहून ये."

"काकू, फोन लावा त्यायले. आत्ताच लावा."

"फोन त्यायनं माह्याच पिशवीत टाकला वं. म्हणे, मले आता कोणाले लावाचा हाय?"