मी फोडत नाही, फुटलेलं घेते

नाही, पण घरात काहीही फुटलं की सगळ्यांनी माझ्याकडेच का बघायचं? मांजरीनं बरणी पाडली, बघा माझ्याकडे! शेजारच्या खिडकीची काच वाऱ्यानं आपटून फुटली, तर शेजारीण तुकडे सुपलीत भरून दारात हजर, "तुमचं काम झालं हो!" माझं काम? वारा काय मी सोडला होता? तुम्हाला सांगते, शंभरदा सांगून झालंय, मी फोडत नाही हो, फुटलेलं घेते!

म्हणजे बघा, जुन्या फुटक्या काचा गोळा करायच्या… औषधाच्या बाटल्या, तावदानं, मिळेल ते… आणि ड्रममध्ये घालायच्या. ड्रम कसला, रबराचा आडवा डबा, मोटर लावली की रात्रंदिवस फिरत बसतो. आत पाणी आणि काच घासायची जाड भुकटी, आठ दिवस घर्र घर्र घर्र, तेव्हा कुठे धार मरते. मग सगळं धुऊन मधली भुकटी, आठ दिवस. मग पिठासारखी बारीक, परत आठ दिवस! आणि जाड भुकटीचा एक कण, एकच कण मागे राहिला की सगळ्या मालावर ओरखडे! सासूबाई म्हणतात, "एवढ्या दिवसांत माणूससुद्धा बरा होऊन दवाखान्यातून घरी येतो." येऊ दे! त्याची कानातली होतात का?

पण पहिल्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं हं, बोट वर करून, "माझ्या घरातली एक जरी धड वस्तू ह्यात गेली, तर त्याच दिवशी हा डबा भंगारात!" म्हटलं, आई, मी फोडत नाही, फुटलेलं घेते. "कळलं, कळलं," म्हणाल्या.

आता आमच्या काचेच्या कपाटात सहा निळे ग्लास होते. गर्द निळे. सासऱ्यांनी आणलेले, ते जाऊनही आता नऊ वर्षं झाली. बत्तीस वर्षांत त्यातून कुणी घोटभर पाणी प्यायलं असेल तर शपथ! पाहुणे आले की सासूबाई म्हणणार, "आज नको, मोठं कुणी आलं की काढू." बत्तीस वर्षांत आमच्याकडे मोठं कुणी आलंच नाही!

तर सासूबाई महिनाभर नणंदेकडे गेल्या, आणि ह्यांचा घसा बसला. गुळण्या करायच्या होत्या. भांडी सगळी खरकटी, कारण त्या दिवशी भांड्यांची पाळी कुणाची? ह्यांची! मग ह्या गृहस्थांनी काय करावं? कपाट उघडलं, निळा ग्लास काढला, आणि त्यात ओतलं उकळतं पाणी! टण्ण!! मी धावत आले तर हे ओट्यापाशी उभे, हातात मिठाचा चमचा, आणि बसलेल्या घशातून मला म्हणतात, "अगं… तुझ्याकडे ड्रम आहे ना?"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस हो! ऑफिसात ह्यांना बघून लोक उठून उभे राहतात! म्हटलं, अहो, एका ग्लासानं ड्रम भरत नाही. निम्म्याच्या वर भरला नाही तर तुकडे एकमेकांवर आपटून टवके उडतात. तर हे स्वतः जाऊन भर घालायला फरशीचे तुकडे घेऊन आले. गेल्या आठ वर्षांत ह्यांनी न सांगता आणलेली ती पहिली वस्तू. उरलेले पाच ग्लास लांब लांब मांडले आणि म्हणाले, "आई काही मोजत नाही गं."

मोजत नाही! आल्या, पाणी प्यायल्या, कपाटासमोर गेल्या, आणि, "पाच?"

हे लगेच वर्तमानपत्रामागे! मला नुसती दहा बोटं दिसत होती. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "भंगारवाल्याला बोलाव."

सांगणार होते हो! जिभेवर आलं होतं… पण तेवढ्यात त्या दहा बोटांतली दोन हळूच जोडली गेली, हात जोडल्यासारखी, सांगू नकोस म्हणून. आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हो, गेला ड्रममध्ये! पण भंगारवाल्याला बोलावणार नाही! ड्रम इथंच राहील! तो गेला तर मीही जाईन, मोटर घेऊन! बत्तीस वर्षं नुसते पुसून ठेवले, तेव्हा कुणी हळहळलं नाही त्या ग्लासांसाठी! आणि फुटला म्हणजे संपला का? हे बघा, म्हणत मी वाटी आणून त्यांच्यापुढे आदळली. सतरा तुकडे. सगळे गुळगुळीत.

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. एक तुकडा खिडकीपाशी नेला, अंगठ्यानं चोळला, गालाला लावून बघितला. माझा जीव त्या डब्यात अडकला होता, खोटं कशाला सांगू! मग हळूच म्हणाल्या, "मलाही त्यातून एकदा सरबत प्यायचं होतं गं. तुझ्या सासऱ्यांबरोबर. राहून गेलं." आणि मग, "ह्याचं काही गळ्यात घालता येईल का गं?"

दोन दिवसांत तार गुंडाळून माळ केली. आता ती गळ्यातून उतरत नाही. बाजारात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये कुणी विचारलं की सासूबाई ताठ होऊन सांगतात, "बाहेर नाही मिळायची. माझ्या सुनेनं ह्यासाठी घरातला ग्लास मुद्दाम फोडला! माझ्या देखत कबूल केलं. लागते हो हिंमत!" आणि शेजारी उभे असलेले हे मान डोलावतात, "फार हिंमत आहे तिच्यात."

आणि मी? मी गप्प. कारण तुम्हाला सांगते, आता खरं बोलले ना, तर त्या माळेचं कौतुकसुद्धा ह्यांच्याच पदरात पडायचं!