विहीर कोणी खणली

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा मास्तर भाचा.

"आत्ये, गावाचा इतिहास छापायला देतोय."

"त्यात वेड्यांचं इस्पितळ आहे?"

"गाळलं गो. त्या नावानं पोरींची लग्नं मोडतात."

"मग विहीर कोणी खणली म्हणून लिहिलंस?"

"पूर्वजांनी."

"कातळ फोडला तो इस्पितळातल्या पेशंटांनी!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! माझा बाप, तुझा आजा, बरा झाल्याचा कागद घेऊन महिनाभर फाटकाशी बसला. न्यायला घरचं कुत्रंसुद्धा आलं नाही. तिथंच कुंपणाला लागून खोपटं बांधलंन. गावातलं पहिलं घर ते!"

"आत्ये..."

"पूर्वजांनीच खणली विहीर. आता नावं घाल त्यांची. पहिलं माझ्या बापाचं."