नरहरचं लायसन

वर्ध्याच्या आरटीओ कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या कृष्णकांत मास्तरांना पुढच्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता.

"दोन सालानं कोर्टानं काढून घेतलेलं लायसन परत भेटून राह्यलं. खुश नाई तू?"

"दारू पिऊन तुमी जाम गावाजवळ गाडी उलटवली. आपल्या मीराचा पाय गेला. काऊन खुश होऊ?"

"तवापासून थेंब नाई घेतला."

"मले मालूम हाय."

"मंग माह्या गाडीत बसशीन?"

"मी नाई बसत."

"अन् मीरा?"

"तिले इचारलं म्या. म्हनते, बाबा चालवतीन त मी पुढंच बसीन."

"मंग?"

"त्याचंच त भेव वाटते मले."

खिडकीतून नरहरचं नाव पुकारलं गेलं. तो जागचा हलला नाही. शेवटी बायकोनंच त्याला हळूच पुढे केलं.