तलवारीची पाती आणि सगुणेची विळी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा — माणूस मोठा कशानं होतो? कुळानं, की कामानं?... कामानं! वा, एका सुरात! आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय असतो? "कुठले म्हणायचे तुम्ही?"

हसताय काय, ऐका!

वेताळगडाच्या पायथ्याला सुभानजी कमानगर राहायचा. कमानगर म्हणजे धनुष्यं करणारा. धामणीच्या झाडाचं लाकूड आधी कुऱ्हाडीनं तासायचं, मग लोखंडाच्या पातळ पातीनं हळूहळू खरवडायचं. साल कशी निघावी? कांद्याच्या पापुद्र्यासारखी! एके जागी जास्त खरवडलं, की धनुष्य तिथंच मोडणार — ओढणाऱ्याच्या तोंडाशी! सगळा खेळ त्या पातीचा.

गडाचे किल्लेदार हैबतराव. त्यांनी दसऱ्यासाठी धनुष्य सांगितलं आणि सोबत धाडला तलवारीचा तुकडा. निरोप काय? "आमच्या आजोबांची, आबासाहेबांची तलवार, रणात मोडलेली. हिचीच पाती कर!"

झालं! सुभानजीचे पाय जमिनीला लागेनात. तुकड्याला हळदकुंकू, झेंडूची माळ! गावभर सांगत सुटला. बायको सगुणा म्हणाली, "अहो, आधी लाकडावर चालतीय का बघा की!"

"गप! खानदानी पोलाद आहे ते!"

त्यानं तुकडा घासून कड सपाट केली. पण तेवढ्यानं भागत नाही हो! कडेवर जोर देऊन लोखंडी कांब फिरवायची, म्हणजे केसाएवढा काठ वळतो. तो काठ लाकूड सोलतो. सुभानजीनं कांब फिरवली — टिच्! कपची उडाली. खानदानी पोलाद, ते कुणापुढं वाकतंय! तशीच एका ढलप्यावर ओढून पाहिली — कर्रर्र! लाकडावर नुसत्या लाटा!

आता गावाला काय सांगायचं? त्याची नजर गेली स्वयंपाकघरात. सगुणेची विळी! झिजून पातळ झालेली, दाबली तर जरा वाकणारी. सगुणा पाण्याला गेली, आणि पाटावरचं पातं गायब! काठ काय वळला म्हणता — आणि साली अशा निघाल्या, सुळसुळ!

सगुणा परतली. "अहो, माझी विळी?"

"मांजरानं नेली असेल."

"विळी?"

मंडळी, दूध नेणारं मांजर पाहिलंय. विळी नेऊन भाजी चिरणारं पाहिलंय का कुणी? तिला काय ते कळलं. पण नवऱ्याची अब्रू! बिचारी भोपळा पाट्यावर आपटून फोडू लागली.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी हैबतराव स्वतः आले. धनुष्यावरून हात फिरवला आणि खूश! "वा! आबासाहेबांच्या पोलादाची करामत! सुभानजी, आमच्या डोळ्यांदेखत शेवटचा हात मार."

मेला की हो! गाव जमलेलं, हातात माळ घातलेली पाती. ओढावी तर धनुष्याला खाच. उद्या हेच हैबतराव कानापर्यंत ओढणार — डोळा जायचा माणसाचा! न ओढावी तर आपण खोटे. त्यानं पाती टेकवली. सगुणेकडं पाहिलं. तिनं हळूच मान हलवली — नको.

पाती खाली ठेवून सुभानजी म्हणाला, "सरकार, ही पाती लाकूड धरीत नाही. धनुष्य मी बायकोच्या विळीनं केलं. तीही चोरून!"

हैबतरावांचं तोंड लालबुंद. "आमच्या आबासाहेबांची तलवार विळीपुढं हरली?"

सुभानजीनं मान खाली घातली. आता कडेलोट! पण वरून आवाज आला — हसण्याचा! हैबतराव पोट धरून हसत होते. "तू खरं बोललास, आता मीही बोलतो. आबासाहेब रणात कधी गेलेच नाहीत. ती तलवार फणस कापताना मोडली!"

सगुणेच्या तोंडून निघून गेलं, "अगं बया! घरात विळी नव्हती का?"

दसऱ्याला हैबतरावांनी धनुष्य कानापर्यंत ओढलं; कुरकुरलंसुद्धा नाही. सगुणेला गडावरून नवी विळी आली. आणि तो तुकडा? गेला परत गडावर, पाहुण्यांना दाखवायला!

तर मंडळी, आपल्या भिंतीवर असं पोलाद किती टांगलंय? आमचे आजोबा असे, पणजोबा तसे! अहो, देवाच्या दारात आजोबांचं नाव विचारत नाहीत. "हात दाखव" म्हणतात! करा बघू वर आपापले हात... लपवता कशाला? बरं, निदान टाळीपुरते तरी वर येऊ द्यात!