राहत्या घरातून निघून गेलेली

—नाही हो भाऊ, मीच सुवर्णा. आत या, उन्हात उभे राहू नका. सटाण्याला जाऊन आलात? माझ्या माहेरी? अरेरे, केवढा हेलपाटा—त्या रस्त्याला कांद्याच्या ट्रकांमागून एसटी सरकत नाही. भावानं सांगितलं ना, ती तर इंदिरानगरला सासरीच आहे म्हणून? बरोबर सांगितलं. अकरा वर्षं इथंच आहे. पाणी घ्या आधी. कोर्टाचे बेलीफ झालात म्हणून तहान लागत नाही थोडीच.

समन्स? कसलं? द्या, मीच वाचते, दहावी झालेय—"सामनेवाली ही दोन वर्षांपूर्वी सबळ कारण नसताना अर्जदारांचे राहते घर सोडून निघून गेली, सबब घटस्फोट मिळावा." कोण, मी? मग आत्ता तुम्हाला पाणी कुणी दिलं? अहो, निघून गेले ते आमचे हे. पुण्याला बदली झाली, घर मिळालं की नेतो म्हणाले. दोन वर्षं झाली, घर मिळतंय. पुण्यात म्हणे जागेची फार टंचाई—एका बायकोपुरतीसुद्धा सापडेना. तिकडं कुणी आहे का? असेल. मी विचारलं नाही. विचारलं तर सांगतील, ही भीती.

शेजारच्या लताबाई काय म्हणाल्या? साहेब घरीच असतात, दर रविवारी दोरीवर शर्ट दिसतात? ते—ते मीच धुते. कपाटात पाच राहिलेत त्यांचे. रविवारी भिजवायचे, वाळत घालायचे, इस्त्री करून परत कपाटात. रिकाम्या शर्टांना किती मळ असणार, पण साबण लावते. बाई एकटी राहते म्हटलं की कॉलनी दुधाच्या पिशव्यासुद्धा मोजते हो. आता पंचाईत बघा—यांना विचारलं तर मी निघून गेले, कॉलनीला विचारलं तर कुणीच गेलं नाही.

तारखेला नाही आले तर? एकतर्फी निकाल? म्हणजे घरात बसल्या बसल्या घराबाहेर? नाही, मी येणार. जायचं कुठं मला—भावाच्या दोन खोल्यांत सहा माणसं. आणि सासूबाईंना रिक्षात घालून आणीन. अंगावरून वारं गेलंय त्यांच्या, पण वाचा शाबूत आहे. कोण भरवतं, कोण कूस बदलून देतं, सांगतील जजसाहेबांना. सख्ख्या आईपुढं यांचं काय चालणार?

काय? मागचं पान? बघते—"मी मालनबाई, अर्जदाराची आई, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की माझी सून घर सोडून"—

अंगठा. त्यांचाच आहे.

दिवाळीला आले होते हे, तीन दिवस. माझ्या हातचे अनारसे खाल्ले. आईच्या पेन्शनच्या कागदावर अंगठा हवा म्हणाले. वाचता कुठं येतं त्यांना. हात मीच धरला, थरथरतो ना—नीट उमटावा म्हणून दाबूनही धरला. शाई खोबरेल लावून मीच पुसली.

नको, चिडले नाहीये मी. बसा तुम्ही. जरा थांबा, आतून हाक मारतायत—ऐकलंत? "सुवर्णा, कुठं गेलीस गं?" दोन मिनिटं दिसले नाही की घाबरतात.

आले हो आई, इथंच आहे.

द्या ते पेन. समन्स मिळाल्याची सही कुठं करायची? आणि जाताना दार लोटून घ्या.