खेचराच्या पारखीनं निवडलेलं वसतिगृह

नाही, नाही, तक्रार नाहीच माझी! कशाची करणार? बोट ठेवायला जागा नाही हो त्या वसतिगृहात! मघापासून तेच तर म्हणतोय... भिंत दोन पुरुष उंच, फाटकाला कुलूप, कुलपाला राखणदार, आणि राखणदाराला, हे मी स्वतः चौकशी करून आलोय, राखणदाराला बायको! मुलीच्या बापाला आणखी काय हवं?

तुम्हाला सांगतो, आमच्या डोंगरातल्या गावात शाळा सहावीपर्यंत. पुढं शिकायचं तर खाली शहरगावात जाऊन राहायचं. थोरलीच्या, इत्तोच्या वेळी मुलींची राहायची सोयच नव्हती. म्हणजे नव्हती असं मी म्हणायचो, जाऊन कोणी बघितलं होतं? सोळाव्या वर्षी लग्न, नदीपल्याड घर, आता पोराला पुस्तकातली चित्रं दाखवते आणि खालची ओळ आली की पान उलटते... जाऊ दे. तर धाकटी तुडा सहावी पास झाली, त्या दिवशी हीच इत्तो पाठीला पोर बांधून नदी ओलांडून आली. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी घरात बसूनच ठरवलंत. या वेळी निदान बघून तरी या!"

म्हणून गेलो. आणि चाळीस वर्षं खेचरांचा व्यापार केलेला माणूस मी, मला कोण फसवणार? आमचा नियम साधा. खेचर दाव्याला बांधलेलं बघायचंच नाही. बांधलेलं सगळंच गरीब दिसतं. सुटल्यावर बघायचं! सुटल्यावर उधळलं तर समजायचं, मालक चारा देत नाही, काठी देतो. शांत उभं राहिलं तर माल चांगला. आता मला सांगा, खेचराला लागू तो नियम शाळेला का नाही?

पहिलं वसतिगृह सोमवारच्या बाजाराच्या गावातलं. जवळचं. दर शनिवारी मुली घरी. भिंत म्हणाल तर माझी शेळी उडी मारून जाईल एवढी! आतल्या बाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या, "या काका, बसा, मसूर खाऊन जा." मसूर बरे होते, खोटं कशाला बोलू? पण वर जाऊन बघतो तर खाटा दोन-दोन एकमेकींना चिकटवलेल्या! म्हटलं, हे काय? तर बाई हसल्या. "घरी पाचजणी एका घोंगडीखाली झोपलेल्या पोरी काका, एकटीला झोप येत नाही. आम्ही सकाळी खाटा सरकवतो, त्या पुन्हा चिकटवतात." पुन्हा चिकटवतात! म्हणजे शिस्त? शून्य! शनिवारी दुपारी फाटक उघडलं आणि काय सांगू, पोरी अशा धावत सुटल्या, एकीचा बूट मागं राहिला तरी थांबली नाही, कोणी बापाच्या गळ्यात, कोणी सरळ खेचराच्या गळ्यात! मी मनात म्हटलं, बासू, बघ. उधळली. इथं चारा नाही.

मग घाटापलीकडचं, लांबचं. तिथल्या मुख्य बाई लल्ला रकिया, लल्ला म्हणजे आमच्याकडं बाईसाहेब. चष्मा, कमरेला किल्ल्या. उभ्यानंच वेळापत्रक म्हणून दाखवलं. साडेपाचला उठणं, सहाला अंथरूण घडी, शुक्रवारी जेवणात कुसकुस, रविवारी कपडे धुणं, संध्याकाळी दोन तास अभ्यास, बोलणं बंद. मी कसला ऐकतोय! वीस प्रश्न विचारले. छपरावर जायचा जिना कुठं? किल्ली कुणाकडं? पाणी कुठून येतं? शेवटी विचारलं, पोरी रडतात का?

"पहिला महिना," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग नाही."

तुम्हाला सांगतो, मला केवढं बरं वाटलं ते ऐकून! आणि सुट्टी लागली त्या दिवशी मुद्दाम फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पोरी आल्या. ओळीनं. चालत! राखणदाराला सलाम करून! एकीनं तर वळून इमारतीकडं पाहिलं. आमचा अद्दी, व्हॅन चालवतो तो, शेजारी उभा. म्हणतो, "बासू, शाळा बघतोयस की खेचर?" मी म्हटलं, "अद्दी, तुझ्यासारख्यानं व्हॅन हाकावी. बोट ठेवायला जागा दाखव मला इथं!"

सप्टेंबरात तुडाला सोडलं. फाटकाशी तिनं माझी बाही धरली. नुसती धरली. लल्ला रकियांनी एकेक बोट सोडवलं, अगदी हळू, दुखू न देता... "पहिला महिना," मला म्हणाल्या.

पहिल्या सुट्टीत अद्दीनं आणली तिला, मी अक्रोडाच्या झाडावर होतो, झोडणी चालू. डिसेंबरात मात्र मी आणायला गेलो. फाटक उघडलं. तुडा आली. ओळीत. चालत. शाळेचा पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, राखणदाराला सलाम. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कसे आहात बाबा? प्रवास बरा झाला ना?"

प्रवास! मी काय शिक्षण खात्याचा साहेब?

आणि तिथं, त्या फाटकात, मला त्या पहिल्या वसतिगृहातल्या पोरी आठवल्या. अहो, त्या कशापासूनही पळत नव्हत्या! त्या बापाकडं धावत होत्या! सुटल्याबरोबर आपणहून घरची वाट धरणारं खेचर आम्ही जास्त मोल देऊन घेतो, हेही मला ठाऊक होतं की! चाळीस वर्षं ठाऊक होतं! नेमकं त्याच दिवशी कुठं गेलं होतं?

तुडा वर्गात दुसरी आली. फ्रेंच वाचते, अरबी तर अशी बोलते की मशिदीत शिकवणारे फकीह मान डोलावतात. मग बोट कुठं ठेवू? घरी आईनं, हद्दानं, महिनाभर साठवलेलं लोणी पुढं केलं, तर म्हणाली, "आई, एवढं पुरे, आभारी आहे." हद्दा चुलीकडं तोंड करून मला म्हणते, "अहो, आभार कशाचे मानले हो हिनं?"

आणि सुट्टी आठ दिवसांची. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पिशवी भरून दाराशी. "बाबा, अद्दीकाकांची व्हॅन शनिवारी आहे की रविवारी?"

मी म्हटलं, "घाटात बर्फ पडलाय बाळ. दहा-बारा दिवस व्हॅन नाही."

कसला बर्फ! आभाळ कोरडं ठणठणीत! तुडा अंगणात गेली, वर बघितलं, घाटाकडं बघितलं, आत आली. इत्तोनं अशा वेळी मला खोटारडा म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. ही फक्त म्हणाली, "बरं, बाबा." आणि पुस्तक उघडून बसली.

तेव्हापासून मी असा ओट्यावर, आभाळाकडं बघत. आता तुम्हीच सांगा, ऐन डिसेंबरात, एवढ्या उंचावर, अल्लाला मूठभर बर्फ टाकायला काय जातं हो?